त्रेपन्न नंबरचं सुतक

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आधीच सांगतो, मला तुमची दया नको. जुन्या छत्र्या आणि जुनी झाडं आपली कहाणी सांगून तुम्हाला रडवतात, तसं काही माझ्याकडून होणार नाही. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मित्रांनो म्हणतो, एवढंच. पण माझ्यामुळे एका माणसाचं नाव पाच वर्षं हरवलं होतं. त्या वेळी मला त्याचा आनंद झाला होता. आता तो आनंद मला खुपतो, म्हणून बोलतोय.

मी तळहाताएवढा आहे, गोल आणि चांगला जाड. मधोमध ५३ हा आकडा उठावाचा, वर 'हमाल' आणि खाली 'दौंड'. मागे दोन कड्या आहेत. त्यांतून चामड्याचा पट्टा ओवायचा आणि मला दंडावर बांधायचं. माझ्यासारखे साठ-सत्तर बिल्ले एकाच दिवशी ओतले गेले. बाकीच्यांचं पुढं काय झालं याची मी कधी चौकशी केली नाही. मी त्रेपन्न होतो आणि मला तेवढं पुरे होतं.

मला पहिल्यांदा दंडावर बांधलं ते तात्याबानं. हा केंदूरचा माणूस. अंगानं किरकोळ, पण डोक्यावर दोन ट्रंका आणि हातात वळकटी घेऊन पूल चढायचा. दर शनिवारी तो मला चिंचेनं घासायचा आणि उन्हात धरून बघायचा. दौंड म्हणजे मोठं जंक्शन. इथं इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, पाणी भरायचं, आणि तोवर सगळी गाडी फलाटावर सांडलेली असायची. "ए त्रेपन्न!" अशी हाक आली की तात्याबा पळायचा. मला वाटायचं, हाक मला आली आणि पळतोय तो मीच. हा माणूस म्हणजे मला अडकवायची खुंटी.

एकदा एका बाईचं दागिन्यांचं गाठोडं गाडीत राहिलं. तात्याबानं ते आणून दिलं. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शाबास त्रेपन्न!" तात्याबा लाजून हसला. त्याला का हसू आलं ते मला समजलं नाही. शाबासकी तर मला मिळाली होती.

वीस वर्षं अशी गेली. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्याच साली तात्याबाच्या कमरेनं दगा दिला. त्याला मूलबाळ नव्हतं. केंदूरला त्याचा पुतण्या सावळाराम खडी फोडायला जात होता, कारण शेतात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तात्याबानं त्याला बायकोसकट दौंडला बोलावून घेतलं आणि मला सोडून त्याच्या दंडावर बांधलं.

"बिल्ला तुज्या दंडाला, नाव माजं," तो म्हणाला. "कुनी इचारलं तर तू तात्याबा."

"पन आप्पा," पुतण्या म्हणाला, "एकदा हापिसात इचारून बगू की. माज्या नावावर करत्यात का ते."

"इचारलं की न्हाई म्हनत्यात. मग हाय ते बी जातंय. फलाटावर मानूस कोन बगतंय? बिल्ला बगत्यात."

मला हे बोलणं फार आवडलं. तात्याबा केंदूरला निघून गेला तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. खुंटी बदलली, दुसरं काय?

पण हमालांचा मुकादम बबनराव हा पक्का माणूस होता. त्याला नवा माणूस नकोच होता. त्याचा मेव्हणा त्या जागेवर डोळा ठेवून होता. तो सावळारामला म्हणाला, "हापिसाच्या वहीत खूण लिवल्याली हाय. तात्याबाचा डावा कान फाटका हाय. तुजा कान धड. तपासनी आली म्हंजी आमच्या समद्यांच्या गळ्याला फास. ऱ्हायाचं असंल तर कान तसाच करून घे, न्हाईतर गावाकडं जा."

ते खरं होतं. लहानपणी बाळी ओढली जाऊन तात्याबाच्या डाव्या कानाची पाळी दुभंगली होती. वहीत नाव, गाव आणि ती खूण एवढंच होतं. वय लिहिलं होतं 'अंदाजे तीस', आणि वीस वर्षांत ते कुणी बदललं नव्हतं. त्यामुळे वयाची अडचण नव्हती. राहिला फक्त कान.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, बबनरावानं कोळशाच्या ढिगाआड न्हाव्याला बोलावलं. सावळाराम उकिडवा बसला. चौघा हमालांनी भोवती उभं राहून आडोसा केला. त्यांतला एकही 'राहू दे' म्हणाला नाही. बबनराव म्हणाला, "जरा खोल घ्या, वरवर नगं." सावळारामनं दात आवळले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरले. वस्तरा फिरला. रक्ताचा एक थेंब माझ्यावर पडला आणि त्यानं तो लगेच पुसला नाही, याचा मला भयंकर राग आला. मी त्या वेळी असा होतो, मित्रांनो. माणसाचा कान फाटला आणि मला माझ्या चकाकीची पडली होती.

त्याची बायको मुक्ताबाई. तिनं कानाला बांधलेली हळदीची चिंधी पाहिली आणि हातातली परात तशीच खाली टाकली.

"शेरडाच्या कानाला खूण करत्यात तशी मानसाला केली? आन् तुमी बसून करून घेतली?"

"पोटासाठी केलं," तो म्हणाला.

"पोट भरंल. पन आरशात कोन दिसंल, त्याचा इचार केला का?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. साप घरात शिरल्यावर त्याच्याकडे बघावं तसं पाहिलं. त्या दिवसापासून तिनं मला कधी हात लावला नाही. घरात आल्यावर सावळाराम मला खुंटीला टांगायचा, आणि ती माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायची. मीही तिचा तेवढाच द्वेष केला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नकार्यात उखाण्यात घेतलं तर घेतलं, एरवी जीव गेला तरी नाही. त्यामुळे काय झालं? फलाटावर लोक त्याला त्रेपन्न म्हणत. हमाल त्याला तात्याबा म्हणत, कारण एखाद्याच्या तोंडून चुकून खरं नाव निसटलं तर पंचाईत. आणि घरात मुक्ताबाई 'अवो' म्हणे. सावळाराम हे नाव उच्चारणारं दौंडात कुणी राहिलंच नाही. सुरुवातीला 'तात्याबा' म्हटलं की तो क्षणभर थांबायचा आणि मग ओ द्यायचा. वर्षभरात तो थांबेनासा झाला. दोन वर्षांनी तो तात्याबासारखा एका बाजूला वाकून चालू लागला. त्याची कंबर तर चांगली धडधाकट होती. लोक म्हणत, "त्रेपन्न नंबर म्हातारा झाला." मला वाटे, झाला तर झाला, खुंटीच ती.

शहात्तर साली दसऱ्याच्या सुमाराला त्याची बहीण तानुबाई कुर्डुवाडीहून पुण्याला निघाली होती. तिला कुर्डुवाडीलाच दिलं होतं. गाडी दौंडला थांबली. तिनं खिडकीतून भाऊ पाहिला. चार वर्षांनी पाहिला. ती खिडकीच्या गजाला धरून ओरडली, "सावळादादा! अवो सावळादादा!"

तो तिच्यापासून सहा पावलांवर होता. डोक्यावर एका वकिलाची पेटी होती. त्यानं मान वळवली, त्याची नजर त्या खिडकीवरून फिरली, आणि तो पुढं चालू लागला. ती पुन्हा ओरडली, आणखी एकदा ओरडली. डब्यातली माणसं वळून पाहायला लागली. मागून कुणीतरी "ए त्रेपन्न, जपून!" म्हणालं आणि तो ताबडतोब "व्हय साहेब" म्हणाला. गाडी हलली.

मी सगळं ऐकलं होतं. मी बोलू शकत नव्हतो हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मला वाटलं, जिंकलो. त्याला त्याचंच नाव परकं झालं आणि माझा आकडा तेवढा आपला वाटला.

त्या वर्षी भाऊबीजेला येते असं तानुबाईनं आधीच कळवलं होतं, चार वर्षांत पहिल्यांदाच, पण ती आली नाही. मुक्ताबाई पाट मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसली. आठ दिवसांनी केंदूरचा एक माणूस निरोप घेऊन आला. तो अवघडून उभा होता. तानुबाईनं सांगितलं होतं, "माजा भाऊ दौंडच्या ठेसनात मेला. तितं एक हमाल फिरतो, त्यानं मला ओळख दिली न्हाई. मी बी त्याला वळखत न्हाई."

सावळारामनं आधी त्या माणसाला पाणी दिलं. मग म्हणाला, "कुनीतरी हाका मारत व्हतं खरं. मला वाटलं, दुसऱ्या कुनाला मारत्यात."

मुक्ताबाई पदराआड रडली. आणि तो? तो उठला, मला दंडावर बांधलं आणि गाडीवर गेला. पण त्या दिवशी त्यानं पट्टा दोनदा सोडून पुन्हा बांधला. मला पहिल्यांदाच थोडं चुकल्यासारखं वाटलं. मी ते झटकून टाकलं.

पुढच्या जानेवारीत केंदूरला तात्याबा वारला. खरा तात्याबा. निरोप आला तेव्हा हमाल गोळा झाले. बबनरावानं सावळारामला बाजूला घेतलं.

"गावाला जा, माती दे, आन् परत ये. पन डोकं भादरू नगंस. मिशी तर आजिबात न्हाई. नवे बिल्ले द्यायचे हायेत, तपासनी हाय म्हैन्याभरात. तात्याबा मेला तो केंदुरात मेला. हितं तो जिता हाय."

"त्यांना आग द्यायला दुसरं कोन हाय?" सावळाराम म्हणाला. "मी आग देनार आन् मिशी राखनार व्हय?"

"मग उपाशी मर."

तो गेला. मला दौंडच्या खोलीत खुंटीला टांगून गेला. दहा दिवसांनी परत आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि ओठांवर मिशी नव्हती. मी त्याला ओळखलंच नाही. खरं म्हणजे पाच वर्षांत मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. तो चेहरा माझ्या कल्पनेपेक्षा खूप तरुण होता.

आणि तपासणी महिन्यानं नाही, तो परतल्यावर तिसऱ्याच दिवशी आली. पार्सलच्या खोलीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडलं. नवे साहेब वही उघडून बसले. एकेका नंबरानं पुढं यायचं, नाव सांगायचं, खूण दाखवायची, जुना बिल्ला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. साहेब माणूस वाईट नव्हता. कुणावर ओरडत नव्हता. बबनराव शेजारी साक्षीला उभा होता. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून मुक्ताबाई भाकरीचं फडकं घेऊन आली होती आणि खांबाला टेकून थांबली होती.

"त्रेपन्न. नाव?"

"तात्याबा."

"कान दाखव."

सावळारामनं कान दाखवला. साहेबांनी वहीत पाहिलं, कानाकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर." माझा जीव भांड्यात पडला. पण साहेबांचं बोट वहीवरून पुढं सरकलं. "हे दहा दिवसांचे खाडे कशाचे?" त्यांनी मान वर केली. त्यांना ओठ दिसला आणि मुंडाशाखालचं कोरं कपाळ दिसलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "सुतक होतं वाटतं. कोण गेलं?"

"चुलते, साहेब."

"नाव काय त्यांचं? कारण लिहायला पाहिजे."

सावळारामचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

कुठलंही नाव चाललं असतं, मित्रांनो! मी मनातल्या मनात ओरडत होतो. आनंदराव म्हण, साहेबराव म्हण, म्हाळू म्हण, काय वाटेल ते म्हण! पण ज्या माणसाला त्यानं स्वतःच्या हातानं आग दिली, ज्याचं नाव घेऊन कालपरवा ओढ्यावर पिंड ठेवला, त्याचं नाव त्याला बदलता येईना. आणि ते खरं नाव त्यानं टेबलापाशी येताच स्वतःसाठी वापरून टाकलं होतं.

"चुलत्याचं नाव आठवत नाही?" साहेबांनी विचारलं. आता आवाज मऊ नव्हता. त्यांनी पुन्हा कानाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग त्याच्या तोंडाकडे. "तुझं नाव काय म्हणालास?"

बबनराव घाईघाईनं पुढं झाला. "साहेब, दुःखात हाय बिचारा, डोकं ठिकानावर न्हाई. ह्यो तात्याबाच. त्याची बायकू हितंच हाय, तिला इचारा पायजे तर." आणि मग हसून म्हणाला, "पन ती नाव न्हाई घ्यायची. आमच्यात बाया घेत न्हाईत. मान तेवडी हलवंल."

साहेब मुक्ताबाईकडे वळले. "बाई, हा तुमचा नवरा?"

"व्हय."

"याचं नाव तात्याबा?"

मान हलवली असती की संपलं. बबनराव तिच्याकडे डोळे वटारून पाहत होता. चाळीस हमाल पाहत होते. मीही पाहत होतो. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सरळ उभी राहिली.

"सावळाराम," ती म्हणाली.

उखाणा नाही, यमक नाही, लाजणं नाही. चाळीस माणसांदेखत बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं. एकदा घेतलं आणि जणू पुरलं नाही म्हणून पुन्हा, हाक मारल्यासारखं मोठ्यानं घेतलं, "सावळाराम!"

आणि तो म्हणाला, "ओ."

तो थांबला नाही, त्यानं विचार केला नाही. त्याची मान वळली, कंबर सरळ झाली आणि तोंडून 'ओ' निघून गेला. पाच वर्षं मी त्याच्या दंडावर होतो. असा 'ओ' मला त्यानं एकदाही दिला नव्हता.

"मग हा कान?" साहेबांनी विचारलं.

"कान तुमच्या वहीतला हाय, साहेब," मुक्ताबाई म्हणाली. "मानूस माजा हाय."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. सगळं विचारून घेतलं. सावळारामनं सगळं सांगितलं, अगदी कोळशाच्या ढिगापासून. फक्त वस्तरा कुणी मागवला ते सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर साहेब हळूच म्हणाले, "अरे, पुतण्याचा अर्ज घेतला असता. चुलत्याचा अंगठा आणि गावची चिठ्ठी एवढंच लागतं. कान कापण्याआधी एकदा विचारायचं तरी होतं!" बबनराव आपल्या वहाणांकडे पाहत राहिला. साहेब पुढं म्हणाले, "आता चुलता गेला. आता नव्यानं अर्ज कर, तुझ्या नावानं. रांग मोठी आहे. आज मात्र मला बिल्ला काढून घ्यावा लागेल."

सावळाराम पट्टा सोडायला लागला. गाठ सुटेना. मुक्ताबाई पुढं आली. पाच वर्षांत तिनं पहिल्यांदा मला हात लावला. तिनं हिसका दिला, पट्टा तुटला, आणि तिनं मला टेबलावर ठेवलं नाही. सगळा जोर लावून रुळांपलीकडे भिरकावलं. मी इंजिनाच्या राखेच्या ढिगात जाऊन पडलो. साहेबांनी वहीत लिहिलं असेल, हरवला.

पुढं सिंधूबाई नावाच्या एका बाईला मी सापडलो. ती राखेतला अर्धजळका कोळसा वेचायची. तिनं मला पुसलं, उलटसुलट पाहिलं आणि आपल्या शेळीच्या गळ्यात बांधून टाकलं. आज मी तिथंच आहे. हसा हवं तर.

आठवड्यानं फलाटावरून हाक आली, "ए त्रेपन्न!" माझ्या सवयीनं मी ताठ झालो. पण दुसरंच कुणी "आलो" म्हणालं. बबनरावाचा मेव्हणा असावा, नाहीतर आणखी कुणी. नव्या बिल्ल्यावर माझाच आकडा होता. म्हणजे मी त्रेपन्नही नव्हतो. मग मी कोण? त्या दिवशी मी फार चिडलो. सगळ्या दौंडावर चिडलो.

वस्तीतली मुलं माझ्यावरचा आकडा वाचून शेळीला हाका मारतात, "त्रेपन्न! ए त्रेपन्न!" शेळी मान वर करत नाही. पाला खात राहते. सिंधूबाईनं लांबून "रंभेऽ" म्हटलं की मात्र टुणकन उडी मारून पळते, आणि मी तिच्या गळ्यात आदळत, आपटत जातो. एवढी शेळी, पण तिनं मला एक दिवसही जुमानलं नाही.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सावळाराम इकडून गेला. मिशी पुन्हा आली होती. दंड मोकळा होता, हाताला खडीचे घट्टे होते. त्याच्या अर्जाचं काय झालं ते मला माहीत नाही. पण बरोबर तानुबाई होती आणि ती दर दोन वाक्यांनी "सावळादादा, सावळादादा" करत होती. कडुनिंबाखालची हकीकत तिच्यापर्यंत पोचली असावी, आणि मागचं सगळं राहिलेलं ती वसूल करत होती. त्यानं शेळी पाहिली आणि तो थांबला.

सिंधूबाईनं विचारलं, "तुमचा हाय का वो ह्यो?"

त्यानं मला हातात घेतलं. मी वाट पाहत होतो. तो म्हणेल, 'व्हय, माजा.' पाच वर्षं एकत्र काढली होती आम्ही. निदान शिवी तरी देईल.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "माजा न्हवं. आमच्या तात्याबाचा हाय. माजा चुलता. लई जपायचा ह्येला." आणि त्यानं सदऱ्याच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसली, एकदाच, आणि मला परत शेळीच्या गळ्यावर सोडलं.

मित्रांनो, वीस वर्षं शनिवारी शनिवारी एक माणूस मला चिंचेनं घासत होता आणि मी त्याला खुंटी समजत होतो. तो मेला तेव्हा मी भिंतीवर लटकून स्वतःची काळजी करत होतो. मला त्याचं सुतक पाळता आलं नाही. त्याची मला लाज वाटते, आणि ही लाज कुठल्याही चिंचेनं निघत नाही.

मला गळ्यातून काढा, घासा, जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी करू नका. पण उद्या फलाटावर, बाजारात, शाळेच्या दारात कुणाला नंबरानं किंवा 'ए' म्हणून हाक मारावीशी वाटली, तर आधी त्याच्याजवळ जा आणि नाव विचारा. मग त्या नावानं हाक मारा, आणि तो ओ देईपर्यंत थांबा.

आणि कधी या वस्तीवर आलात तर शेळीला रंभा म्हणा. मला तात्याबाचा बिल्ला म्हणा.